हॅलो नाही, खळं

कापूस वेचायचे दिवस आले की बा, याडी आणि मी नेरजवळच्या आमच्या तांड्यातून दुसऱ्यांच्या वावरात जायचो. शाळा उरल्या वेळात. आमच्यात आईला याडी म्हणतात. बा मागच्या वर्षी गेला. मी परदेशातल्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. फोन त्याच्याच नंबरावरून आला, पण पलीकडून "हॅलो" ऐकू आलं आणि मला कळलं... बानं फोनवर हॅलो म्हणणं केव्हाच सोडलं होतं. का, ते सांगते.

आलेली स्थळं परत पाठवून त्यानं मला शिकवलं. त्यामुळे पोरगी करते तरी काय, हे लोक त्यालाच विचारत आणि त्याला सांगता येत नसे. एकदा फोनवर मी म्हणाले, "बा, मी हॅलोवर काम करून राह्यली."

"हॅलो! येऊन राह्यलं ऐकू, बोल!"

"तसं नाही बा. हॅलो! अणूच्या केंद्रकाचा प्रकार आहे."

"हॅलो! हॅलो!" आणि फोन कट.

तांडाभर झालं, पोरगी हॅलोच्या हापिसात लागली. सुट्टीत घरी आले तर दारात माणसं बिघडलेले मोबाइल घेऊन उभी. तांड्याचे प्रमुख, म्हणजे आमचे नाईक, म्हणाले, "डाक्टर होनार होती ना? मंग टावर तरी आन!" बा चूल फुंकत बसला. जन्मात त्यानं चूल फुंकली नव्हती.

मग मी त्याला अंगणात बसवून सांगितलं, की काही केंद्रकांतले दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून लांब, सैल फिरतात. चंद्राला पडतं तसं खळं, त्यालाच इंग्रजीत हॅलो म्हणतात. ही केंद्रकं पापणी लवायच्या आत मोडतात, म्हणून ती यंत्रात तयार करून, मोडायच्या आधीच त्यांचा झोत निशाण्यावर सोडायचा. किती आदळली त्यावरून खळं केवढं ते कळतं.

बाला मात्र मळणीचं खळं दिसलं. "मधात मेढ, भोवती दोन बैल?"

"हो."

"एक बैल सोडला तं?"

"दुसराही राहत नाही."

"मंग आधी खळं म्हनायचं ना माय! हॅलो-हॅलो काहून करतं? इज्जत गेली ना माही!"

त्याच संध्याकाळी नाईकांच्या ओट्यावर जाऊन त्यानं जाहीर केलं, "माही पोरगी खळं मोजते. मोजून झालं का डाक्टर."

"कोनाचं खळं?"

बा म्हणाला, "सरकारी असन."

तेव्हापासून फोन उचलला की, "खळं! बोल माय." पहिल्या खेपेला आमचा झोत नीट लागलाच नाही, मी रडत फोन केला. "खळं! ...बैल नवे असतीन. पुन्हा जुंप." दुसऱ्या खेपेला झोत लागला, पण आकडे तपासून होईपर्यंत बा थांबला नाही.

परवा त्याच नंबरावर फोन लावला. बराच वेळ वाजला. मग याडीचा आवाज आला, "खळं... बोल."

"याडी, मोजून झालं."

"थांब, नाईकाले सांगून येते," म्हणाली, आणि फोन चालूच ठेवून गेली.

प्रबंध मान्य झाला आहे. तांड्यातली पहिली पदवीधर मी. आता डॉक्टर आहे.