एटापल्लीच्या पुढं, रांगेच्या टोकाची जागा

नात म्हणते, "आजी, शुद्ध लिही, लोक वाचतात." मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकली, जसं तोंडात येते तसंच हातात येईल. ज्याले जंगलातून हिंडायची हौस आहे त्यानं वाचावं, बाकीच्यानं आपला स्वयंपाक करावा.

तर हे ऐंशीनंतरच्या सालातलं, धान कापून झाल्यावरचं. आम्ही तेव्हा बल्लारपूरले राहत होतो. माझी धाकटी बहीण कौसल्या एटापल्लीच्या पुढं एका गावात दिलेली. तिचा नवरा रामदास बांबू तोडायले जंगलात गेला आन् परत आलाच नाई. अंग सापडलं नाई, कपडा सापडला नाई. वाघानं नेला म्हणा, नाल्यानं नेला म्हणा. कौसल्या मात्र रोज सांजेले दोन ताटं वाढे. घराची एक भिंत पार खचलेली, पुढच्या पावसात अंगावर आली असती. तरी निघत नव्हती. "मी गेली आन् ते आले तं?" एवढंच म्हणे. मी ठरवलं, या खेपेले तिले घेऊनच यायचं.

जाणाऱ्यांसाठी सांगते, दिवाळीनंतरच जा. पावसाळ्यात नाले चढले की एस्टी इकडची इकडं आन् माणूस तिकडचा तिकडं. गोंडपिपरीवरून आष्टी, मंग आलापल्ली, तिथून एटापल्लीची गाडी. आष्टीले आलूबोंडे गरम मिळत. भाडं फार नव्हतं, पण हाडं खिळखिळी होत ते वेगळं. आलापल्लीच्या पुढं सागवान एवढं उंच की भर दुपारी गाडीत सांज होते. बोलणारे लोकही तिथी आवाज खाली घेतात. काऊन घेतात, कोणाले माहीत नाई.

आलापल्लीले गाडी भरली. एकच जागा रिकामी, खिडकीपाशी. मी बसायले वाकली तर बाजूची पांढऱ्या केसांची बाई म्हणाली, "नका बसू बाई, ही जागा आमच्या माणसाची आहे."

"कुठी आहे माणूस?"

तेवढ्यात कंडक्टर आला. "माणूस नाई, सामान नाई, मंग तिकीट कोण काढते, भूत?"

"काढलंय," ती म्हणाली आन् तिकीट पुढं केलं. कंडक्टरनं ते पाहिलं, बाईकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. मंग पुढं गेला तो एटापल्लीपर्यंत मागं फिरकला नाई.

तिचं नाव सुमतीताई. पुण्याकडची. तिच्यासंगं आणखी बाया-बापे होते, सगळे पन्नाशीच्या आसपास. मले वाटलं वऱ्हाड आहे.

"वऱ्हाड नाही, आम्ही नाचतो," ती म्हणाली.

"या वयात?"

"या वयातच जमतं. तरुणपणी नुसत्या उड्या मारल्या."

मी एवढी हसली की पुढच्या बाईचं लेकरू जागं झालं! मंग तिनंच सांगितलं. त्यांचा एक जोडीदार त्या वर्षी वारला होता. वीस-बावीस वर्षं संगं नाचलेला. म्हणून त्याची जागा ते कुठंच भरत नाईत. गाडीतही नाई, नाचातही नाई. आश्रमशाळेच्या गुरुजीनं बोलावलं होतं, ते कौसल्याच्याच गावी उतरणार होते. मले तर बाप्पा आनंदच झाला, एटापल्लीच्या पुढं पायी जायले सोबत मिळाली.

कौसल्यानं लाखोळीची डाळ, भात आन् अंबाडीची भाजी केली होती. चव अजून जिभेवर आहे. ताटं वाढले तीन. तिसऱ्यापाशी मी पाय पसरला तर म्हणाली, "बाई, पाय घे तिकडं."

मी घेतला. त्या ताटातल्या भातावर एक माशी नाई. माझ्या ताटावर चार. आता हे खरं का मले तेव्हा वाटलं, सांगता येत नाई.

दुसऱ्या दिवशी सांजेले शाळेमागं मोहाच्या झाडाखाली नाच होता. कौसल्या निघेना, तिची ताट वाढायची वेळ. "दार उघडं ठेव, आला तं बसल," मी म्हटलं. तेव्हा कुठं आली. आली ती अशी बसली की मागं वळलं की घर दिसावं.

मले वाटलं होतं घुंगरू वाजतील, पेटी वाजल. काही नाई. सगळे अनवाणी, रांगेत उभे. एक पाय पुढं, एक मागं, आन् सगळ्यांचा श्वास एका वक्ताले. फस्... फस्... लोहाराच्या भात्यासारखा. दंडारीचा गाजावाजाचा नाच पाहिलेल्या लोकांनी पहिले खी खी केलं. मंग गप झाले. पाखरंही गप झाले.

सुमतीताई रांगेच्या टोकाले. तिच्या पल्याड कोणी नाई, नुसतं जंगल. ती हळूहळू त्या बाजूले कलली, कलत गेली, सगळं अंग टाकलं. कोणावर? हवेवर. आन् पडली नाई! गावातले कुत्रे शेपूट घालून उभे. नाचणाऱ्यांकडं नाई, त्या जागेकडं पाहत. तिथली लाल धूळ पावलाच्या ठेक्यात उडून राह्यली होती. वारा असल.

माझ्या बाजूले मैनीबाई बसली होती, माडिया म्हातारी. ती ताडकन उठली. "जागा भरा वो! आमच्यात रांगेत जागा सोडत नसतात. भलतंच कोणी येऊन उभं राहते."

गुरुजी म्हणाले, "बसा, हा त्यांचा नाच आहे, असाच असतो."

"नाच कोणाचाही असो, जंगल आमचं आहे," मैनीबाई म्हणाली.

आन् माझ्या बाजूची कौसल्या तिथी नव्हती. पाहते तर ती रांगेच्या टोकाले, त्या जागेत उभी. सुमतीताईचं सगळं वजन तिच्या खांद्यावर आलं. मले वाटलं दोघी पडतात. कौसल्या हलली नाई. पाय तेवढे चालू लागले, कोणी न शिकवता. तोंड पार पांढरं. दुसऱ्या बाजूलेही ती थोडी कलली होती, जंगलाकडं. मंग एकदम सरळ झाली.

तेव्हा मैनीबाई गेली, तिनं कौसल्याचा जंगलाकडचा मोकळा हात धरला. मंग गावातल्या बाया गेल्या. मीही गेली, कशाले खोटं बोलू! रांगेचं कडं झालं. कडं होईपर्यंत कुत्रे भुंकायले लागले होते, चांगले, रोजच्यासारखे.

नाच संपल्यावर सुमतीताई रडत होती आन् हसतही होती. "इतक्या ठिकाणी नाचलो, माझं वजन आज कुठंतरी पोचलं," म्हणाली. नाच मोडला म्हणून कोणी रागावलं नाई.

घरी येताना कौसल्या म्हणाली, "बाई, या बाजूनंही कोणी धरलं होतं."

"मैनीबाईनं धरलं ना."

"मैनीबाईच्या पहिले. थंड हात होता, बांबू तोडणाऱ्याच्या घट्ट्याचा." थोडं चालली. "मंग त्यानं सोडला."

त्या राती तिनं दोन ताटं वाढले. एक मले, एक तिले. सकाळी गठुडं बांधून माझ्यासंगं निघाली. दार ओढून घेतलं, कडी लावली. येताना गाडीत खिडकीपाशी बसून तिनं आलूबोंडे खाल्ले, माझ्या वाटचेसुद्धा.

बल्लारपूरले ती पुष्कळ वर्षं जगली. जेवायले, टीव्ही पाहायले, विहारात बसायले, कुठंही बसली की बाजूच्याले चिपकून बसे. लोक म्हणत, गर्मी होते वो मावशी, सरक. ती म्हणे, जागा सोडू नको.

मागच्या हिवाळ्यात कौसल्या गेली. आता मी सांजेले ओट्यावर बसते तेव्हा डाव्या बाजूले माणूस मावल एवढी जागा सोडते. नात तिथी बसायले येते, मी तिले उजवीकडं बसवते. मैनीबाईनं काय सांगितलं होतं ते मी विसरली नाई. म्हणून तं सोडते.