मारून राह्यले!

रिटायर पोलिसाची आठवण म्हटली, की तुम्ही पिस्तूल आणि पाठलाग शोधणार. मिळणार नाही. या केसमध्ये मी धावलो तो फक्त चहावाल्याच्या मागे. तरी ती घटना अजून मनातून जात नाही.

कन्हानकडच्या कोळसा खाणीत संप होता. गेटवर दगडफेक झाली आणि कुहीकडचा एक गार्ड डोक्यात दगड बसून गेला. गुन्हा दाखल झाला, पण दगड कोणाचा, कोणी सांगेना. मग खबऱ्याचा फोन आला, "साहेब, नागपुरात सदरमध्ये संपावरची डॉक्युमेंटरी दाखवून राहिले. त्यात एक जण 'मारा' म्हणून बोंबलते."

जाऊन पाहिली. धुरळ्यात एक कामगार हात वर करून ओरडतो, 'मारून रा...' आणि ढोल सुरू. खाली अक्षरं, 'मारत राहा!' संध्याकाळच्या आत तो कामगार कोठडीत. कलम, खुनाला चिथावणी.

"मी तं मदतीले बोलावून राहिलो होतो जी. तो गार्ड माह्या रोजचा डब्याचा सोबती."

"सोबत्याले मारा म्हणत होता काय गा?"

"म्हटलंच नाही जी तसं."

खोटं बोलणारा रोज गोष्ट वाढवतो. याची तेवढीच राहिली.

मी रामटेकच्या शाळेत हेडमास्तरची नक्कल करून छड्या खाल्लेला माणूस. ठाण्यात साहेबांचा आवाज काढून हवालदारांना सावधान उभं करायचो. ऐकलेलं तोंडात घोळवून पाहायची खोडच. ते ओरडणंही घोळवलं, आणि अडलो. आपल्याकडे चिथवणारा 'हाणा' म्हणेल. 'मारून राहा' कोण म्हणतं? 'मारून राह्यले' म्हणतात. म्हणजे मारताहेत!

डॉक्युमेंटरीवाला पुण्याचा, खालची अक्षरं त्यानंच घातलेली. त्याला बोलावून ढोलाशिवायचं मूळ रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. स्पष्ट ऐकू आलं, "मारून राह्यले गा त्याले! धावा!"

मोठे साहेब साताऱ्याचे. "अरे, पण मारणंच ना?" म्हणाले. म्हणून मी उठलो आणि दोन्ही आवाज काढून दाखवले. आधी चिथवणाऱ्याचा, मग हात वर करून हुबेहूब त्या कामगाराचा. साहेब हसले, मग त्यांनी कामगाराची फाइल मागवली.

कामगार सुटला. दगड कोणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी एवढंच शिकलो, की माणूस ज्या गावचं बोलतो, त्याच गावच्या कानानं त्याला ऐकावं.

पण त्या नकलेच्या दिवशी बाहेर बाकावर गार्डची बायको जबाबासाठी बसली होती. माझं ओरडणं ऐकून ती दार लोटून आत आली. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे त्याच्यासाठी कोणी तरी ओरडलं होतं?"

"हो ताई."

"मंग धावलं कोणी?"

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"अन् तुम्ही त्याची नक्कल करून राहिले? लाज नाही वाटत? तिकडं माणूस मरून राह्यला होता, साहेब!"