शिकोकूच्या गाडीत मी काय बोलले

आधीच सांगते, मी असल्या गूढ अनुभवांच्या प्रांतातली नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबातून 'रक्त' कसं निघतं, नारळ आपोआप कसा पेटतो हे दरवर्षी सातवीच्या मुलांना करून दाखवायचे, आणि मागचं रसायन समजावून सांगायचे. कुणी 'मला अनुभव आलाय' म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारायचे - तेव्हा झोप किती झाली होती? त्यामुळे हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण लिहायचं आहे.

आम्ही नगरला सावेडीत राहतो, मी आणि आमचे हे. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. माणूस अतिशय शिस्तीचा, प्रवासात प्रत्येक स्टेशनला घड्याळ बघणार आणि वहीत वेळ लिहिणार. मुलगी केतकी चार वर्षांपासून जपानमध्ये, ओसाकाला नोकरी करते. गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि तिने आम्हाला बोलावून घेतलं. रेल्वेचा पास काढून दिला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला जन्मात इतक्या वेळेवर धावणाऱ्या गाड्या बघायला मिळायच्या नाहीत. हिंडा."

पहिले चार दिवस ती बरोबर होती. मग तिची रजा संपली. तिने एका वहीत सगळं मराठीत लिहून दिलं - कुठली गाडी, कितवा फलाट, कुठे उतरायचं. तेवढ्यावर आम्ही दोघं समुद्रावरचा तो लांबलचक पूल ओलांडून शिकोकू बेटावर गेलो. तिथल्या मात्सुयामा नावाच्या गावातून एक छोटी गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते. छोटी म्हणजे एकच डबा! डिझेलवर चालणारा. आपल्या एसटीला रुळावर ठेवलं तर जशी दिसेल तशी. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलकडे बोट करून मोठ्याने काहीतरी म्हणायचा. आमचे हे त्याच्या काचेमागे जाऊन उभे राहिले ते तिथलेच झाले.

मी खिडकीशी बसले होते. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. एका बाजूला डोंगर, त्यावर संत्र्यांच्या बागा, दुसऱ्या बाजूला समुद्र. समुद्राला लाटाच नव्हत्या... ताटात पाणी ओतून ठेवल्यासारखा. डब्यात आम्ही धरून सात-आठ माणसं, तीही पेंगत होती. ऊन मांडीवर आलं होतं. बोगदा आला की सगळं काळं व्हायचं आणि पुन्हा तोच समुद्र, तेच ऊन. चार-पाच बोगद्यांनंतर मला कळेना की आपण पुढे जातोय की तिथेच झुलतोय.

अशाच एका बोगद्यानंतर बघते तर समोरच्या बाकावर एक म्हातारी बसलेली. मान झाकणारी कापडी टोपी, फुलाफुलांचा शेतावर घालायचा सदरा, पायाशी संत्र्यांची पिशवी. ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"टेकव की डोकं. लई दमलीस."

मला काहीही वाटलं नाही! हेच मला आजवर समजत नाही. मी दचकले नाही, 'तुम्हाला मराठी येतं का?' असं विचारलं नाही. माझं माहेर श्रीगोंद्याकडचं. तिकडच्या बायका बोलतात तसंच ती बोलत होती आणि ते मला अगदी बरोबर वाटत होतं. स्वप्नात नाही का आपण शाळेत असतो आणि शाळेत नदी असते, तरी आपण 'नदी कशी?' म्हणून विचारत नाही... तसं. फक्त मी झोपलेले नव्हते.

"कुनाकडं चालली?" तिने विचारलं.

"कुणाकडे नाही. फिरायला आलोय."

"मग डोळं का भरल्यात?"

मी हात लावून पाहिला. खरंच ओले होते. मग मी बोलायला लागले. काय बोलले ते सांगायचं तर नऊ वर्षं मागे जावं लागेल.

माझी आई शेवटी माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे होती. आक्का श्रीगोंद्याजवळच्या एका गावात राहते, घरची शेती आहे. आई आजारी पडली तेव्हा आक्काने मला फोन केला की आई तुझं नाव घेतेय, ये. शाळेत परीक्षा चालू होत्या. मी म्हटलं, रविवारी येते. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला. मी जरा चिडूनच म्हटलं, "आक्का, तू उगाच घाबरवतेस. रविवारी येते म्हटलं ना!" शुक्रवारी सकाळी आई गेली.

आणि मी घरात सांगितलं की आक्काने मला कळवलंच नाही.

का सांगितलं? हे म्हणाले, "अगं, इतकं झालं होतं तर आक्कांनी एक फोन करायला नको?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही केला." झालं. एका शब्दाचं खोटं. पण दशक्रियेच्या दिवशी ह्यांनी चारचौघांसमोर आक्काला सुनावलं, "पोटच्या पोरीला आईचं शेवटचं दर्शन होऊ दिलं नाहीत तुम्ही." आक्का माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. ती एक अक्षर बोलली नाही. त्यानंतर लग्नाकार्यात समोर आलो तर "बरी हायेस का?" एवढंच. नऊ वर्षं.

हे सगळं मी त्या गाडीत, त्या म्हातारीला सांगितलं. जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी झुलत होती, ऊन मांडीवरून गुडघ्यावर सरकत होतं आणि माझं बोलणं थांबत नव्हतं. ती मधूनमधून "व्हय, व्हय" करत ऐकत होती. सगळं झाल्यावर ती पिशवी उचलून उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली,

"मग त्ये मला का सांगतीस, बाई?"

गाडी थांबली. फलाट म्हणजे सिमेंटचा एक ओटा, वर पत्र्याचं छप्पर, पलीकडे लगेच समुद्र. ती उतरली, चालत गेली. मागे वळून पाहिलं नाही. मला इतकं हलकं, गुंगल्यासारखं वाटत होतं की मी तशीच बसून राहिले.

तेवढ्यात हे समोर येऊन बसले. हातात मोबाईल, तोंड उघडं.

"हे कधी शिकलीस तू?"

"काय?"

"जपानी! मी कधीचा त्या बाईंच्या मागे उभा आहे. धडाधड बोलत होतीस त्यांच्याशी. मी शूटिंग घेतलंय!"

मला वाटलं थट्टा करतायत. म्हटलं, "अहो, काहीतरीच काय? मराठीत बोलत होतो आम्ही." म्हणाले, "मराठी? नंदा, मला मराठी येतं." पण तेव्हा वाद घालण्याइतकी मी भानावर नव्हते. आणि मनात एकच धडकी - ह्यांनी ऐकलं का? सगळं? पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं. मला वाटलं, गाडीच्या आवाजात नीट ऐकू गेलं नसेल. मी व्हिडिओ बघायला मागितला नाही. भीतीच वाटली.

दोन दिवसांनी आम्ही ओसाकाला परतलो. संध्याकाळी केतकीच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये ह्यांनी मोठ्या ऐटीत व्हिडिओ लावला. "तुझ्या आईचं गुपित बघ!"

दीड मिनिटाचा आहे. आधी समुद्र, मग डबा, मग मी. समोर ती म्हातारी पाठमोरी. आणि माझ्या तोंडून, माझ्याच आवाजात, भरभर... मला एक शब्द कळला नाही. हात माझे, मान वाकडी करायची सवय माझी, ओठ माझे. भाषा माझी नाही.

केतकी आधी हसत होती. मग हसू गेलं. तिने तो पुन्हा लावला, कान जवळ नेला. मग म्हणाली, "आई, जरा आत येतेस?"

आत म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. तिने दार लोटलं.

"आई, मी चार वर्षं इथे आहे, मला असं बोलता येत नाही. हे पुस्तकी जपानी नाहीये. त्या भागातल्या म्हाताऱ्या बायका बोलतात तसं काहीतरी आहे. मलाही सगळं कळत नाहीये. पण..." ती थांबली. "तू यात म्हणतेयस की बहिणीचा फोन आला होता. दोनदा आला होता. आणि मी नवऱ्याला खोटं सांगितलं."

मी ओट्याला धरून उभी राहिले. केतकी दशक्रियेच्या वेळी कॉलेजात होती. तिच्या लेखीही मावशीनेच कळवलं नव्हतं. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, मला आणि आक्काला.

"खरंय का आई?"

"खरंय."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबांना तू सांग. मी नाही सांगणार."

मी बाहेर येऊन सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. उठून पायात बूट घातले, एकटेच खाली जाऊन रस्त्यावर फेऱ्या मारून आले. दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या गाडीत बसलो. ह्यांनी घड्याळ बघितलं नाही, वही काढली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"मी आक्कांना सगळ्या माणसांत बोललो होतो, नंदा."

"हो."

"त्यांनी तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं, की फोन केला होता म्हणून."

"मग मी खोटी पडले असते."

त्यावर म्हणाले, "गेल्या गेल्या श्रीगोंद्याला जाऊ."

गेलो. उसाचा हंगाम सुरू झाला होता, रस्त्याने ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या चालल्या होत्या. त्यांच्या मागे मागे गाडी हाकत आम्ही दुपारी आक्काच्या घरी पोचलो. ती पडवीत शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून उठली, पदर सारखा केला. "या पाव्हणं," ह्यांना म्हणाली. मला काही नाही.

ह्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाले, "आक्का, माझं चुकलं. मला खरं माहीत नव्हतं." आणि वाकून तिच्या पाया पडले. आक्का एकदम मागे सरकली. "आवं, ह्ये काय करताय..."

मग मी तिच्यापुढे खाली बसले आणि सगळं बोलले, या वेळी मराठीत. गाडीचं, म्हातारीचं, व्हिडिओचंही सांगितलं. ते तिने कानावरून जाऊ दिलं असं वाटलं. शेंगांची टरफलं एका बाजूला गोळा करत राहिली.

"मला वाटायचं तू कधी ना कधी बोलशील," ती म्हणाली. "पन तुला एक सांगायचं हाय. म्या बी कुनाला सांगितलं न्हाई."

"काय?"

"गुरवारी सांजच्याला आई लईच तुझं नाव घ्याया लागली. 'नंदी आली का, नंदी आली का.' तिला दिसत न्हवतं तवा. म्या म्हनलं, व्हय, आली की. ही काय, बसलीया. तिनं माझा हात धरला, तुझा समजून. लई बोलली. मग गप झाली, ती गपच." आक्काचे हात थांबले. "तू खोटं बोललीस म्हनून मी नऊ वर्सं बोलली न्हाई, असं तुला वाटलं. तसं न्हाई, नंदे. तुझ्या वाटचं बोलनं म्या ऐकून घेतलं. तुझ्याकडं बघितलं की मलाच चोरी केल्यावानी व्हायचं."

"काय बोलली ती?" मी कसंबसं विचारलं.

आक्काने मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते माझं आहे.

आता राहिला मूळ प्रश्न. नगरमधल्या एका ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. म्हणाले, "मुलीचं फोनवरचं जपानी कानावर पडून मेंदूत साठलं असेल." असेल. पण केतकी आमच्याशी मराठीतच बोलते, आणि तिलाही न येणारी बोली माझ्या मेंदूत कुठून साठली? शिवाय मला ते सगळं श्रीगोंद्याच्या मराठीत का ऐकू आलं? केतकीने तिच्या ऑफिसमधल्या, त्याच बेटावरच्या एका बाईंना तो ऐकवला. त्या म्हणाल्या, ही बाई आमच्या आजीच्या पिढीची दिसतेय, कुठल्या गावची? केतकीने 'नगरची' असं सांगितलं नाही.

परत आल्यावर मी मोबाईलवर जपानी शिकायचं ॲप घेतलं. पाच महिने झाले. नमस्कार, धन्यवाद आणि 'हे किती?' यापलीकडे गाडी सरकत नाही. व्याकरण ओ की ठो कळत नाही. झोप किती झाली होती, हा माझा जुना प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला. आदल्या रात्री चांगली आठ तास झाली होती.

व्हिडिओ अजून आहे. कधीतरी दुपारी घरात कुणी नसलं की मी लावते. माझ्याच ओठांकडे बघते, आवाज कान देऊन ऐकते. ती बाई आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट सांगतेय, एवढं मला माहीत आहे. पण तिचा एकही शब्द मला कळत नाही.