विरजणाची वाटी

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसाउजेडी दार लावायची पद्धत नव्हती. लावलंच तर त्याचे अर्थ दोन. आत नवं जोडपं आहे, किंवा आत पोर मार खातंय. पहिल्या कारणाला बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दुसऱ्याला माझी आई वाटी घेऊन उठायची.

शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचा एक गिरणी कामगार राहायचा, माझ्याएवढ्या लेकीबरोबर. बायको गावी शेत सांभाळायची आणि इथला अख्खा संसार त्या पोरीच्या डोक्यावर. भाकरी करपली की दार लागायचं आणि कमरेचा पट्टा निघायचा. बरं, हाच गडी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत सगळ्यांच्या पुढे. शिवाजी पार्कावर जुलूमशाहीच्या नावाने घसा बसवून यायचा आणि त्याच बसक्या घशाने लेकीवर ओरडायचा. मला त्याचा मनस्वी राग यायचा.

दार लागलं की आई कडी वाजवायची. "भावजी, वायच विरजण देवा." त्या घरात दूध यायचं चहापुरतं, विरजण कुठून असणार? आईला हे पक्कं ठाऊक. पण शेजारधर्माला जागून त्याला दार उघडावं लागायचं, आणि उघडलं की आई उंबऱ्यात ठाण मांडून दुधाच्या भावापासून गावच्या पावसापर्यंत सगळं काढायची. तोवर पोरगी तिच्या पाठीमागून सटकून आमच्याकडे यायची.

आमच्याकडे वेगळाच तमाशा असायचा. बाबा पहिली पाळी करून आले की चहाच्या वेळी आम्हा भावंडांची सभा भरायची. तेव्हा गल्लीतलं शेंबडं पोरही घोषणा द्यायचं. आम्ही त्या बाबांवरच चालवायचो. बाबांचं घोरणं बंद झालंच पाहिजे. कारल्याची भाजी बंद झालीच पाहिजे. बाबा पुढाऱ्यासारखे हात जोडून सगळं ऐकून घ्यायचे आणि एखादी मागणी मान्यही करायचे, कारलं सोडून. आईच्या तोंडी मेल्या-मुडद्याशिवाय हाक नव्हती, पण हात उठलेला मला आठवत नाही. शेजारची मुलगी भिंतीला पाठ न टेकता बसून हे सगळं बघायची.

एकदा तिने मला हळूच विचारलं, "तुझ्या बाला राग न्हाई येत व्हय?"

येतो की, मी म्हटलं, मग ते गॅलरीत जाऊन विडी ओढतात. तिला ते काही पटलं नाही.

मग तो गडी शहाणा झाला. एका रविवारी दुकानातून द्रोणभर दही घेऊन तो आमच्या दारात आला आणि द्रोण आईच्या हातात ठेवला. "घ्या वैनी, इरजण. आता दार वाजवू नगा." मागे वळला, आत गेला आणि कडी लावली.

आतून पट्ट्याचा आवाज आला. आईने द्रोण माझ्या हातात कोंबला आणि गॅलरीतल्या दारादारात जाऊन एवढंच सांगितलं, वाटी घेऊन या. बायका हातातली कामं टाकून आल्या. टोकाच्या खोलीतल्या आजीला वाटी सापडेना, ती तपेलं घेऊन आली. आईने कडी वाजवली ती दार उघडेपर्यंत.

तो पट्टा हातात घेऊनच बाहेर आला.

"माझा झाला," आई म्हणाली. "ह्येंचा काय?"

कोणी हसलं नाही. तो त्या वाट्यांकडे बघत राहिला. बाबा पुढे झाले. उपदेश नाही, दमदाटी नाही. त्याला एक विडी दिली आणि खांद्यावर हात ठेवून गॅलरीच्या टोकाला घेऊन गेले. आत आई पोरीच्या पाठीला तेल लावत होती, शिव्या देत होती आणि रडत होती.

माणूस एका दिवसात सुधारतो तो फक्त कीर्तनात. त्यानंतरही ते दार अधूनमधून लागलं, आणि लागलं की वाट्या जमल्या. मग एका संध्याकाळी करपलेल्या भाकरीचा वास गॅलरीभर पसरला. आम्ही कान टवकारले. पण दार लागल्याचा आवाज आला नाही. बघतो तर तो आमच्याच उंबऱ्यात उभा, हातात रिकामी वाटी.

"वैनी, इरजण द्या," तो म्हणाला. "लई राग आलाय."

आईने पाट मांडला. बाबांनी आपला अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढे सरकवला. तो प्याला. थोड्या वेळाने त्याची लेक ताटलीत ती काळी भाकरी घेऊन आली, बापापुढे ठेवली, दोन पावलं मागे सरली आणि आमच्या सभेतल्या सुरात म्हणाली,

"करपलेली भाकर खाल्लीच पाहिजे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि तुकडा मोडला.