चार्जर खाली आहे

सहा वर्षांनी आम्ही सगळे फिरायला निघालो होतो, नवऱ्याच्या मालवाहू इलेक्ट्रिक पिकअपमधून. एरवी मंडीदीपला माल पोचवणारी ती गाडी त्या दिवशी पचमढीला चालली होती. मागे ताडपत्रीखाली सासूबाई आणि दोन मुली.

घाटाच्या अलीकडेच बॅटरी चार टक्क्यांवर आली. धाकटी ओकत होती. मी पुढच्या ढाब्यावर फोन लावला.

‘‘चार्जर खाली है, आ जाइए,’’ तिकडचा माणूस म्हणाला.

पुढे रस्त्याला फाटा होता. एक रस्ता चढाचा, एक उताराचा. मी ओरडले, ‘‘अरे, खाली घे!’’

उतार एका नाल्याशी संपला. परत चढताना गाडी बंद पडली. तो नेमकं काय म्हणाला, ते मी नवऱ्याला सांगितलं. त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

‘‘रिकामा आहे म्हणाला गं तो.’’

मी साताऱ्याची. बारा वर्षं भोपाळात काढली, रोज भाजीवाल्याशी हिंदीत भांडले, आणि ऐन वेळी मला मेलं मराठीच ऐकू आलं!

आम्ही सगळ्यांनी ढकलूनही गाडी तसूभर हलेना. चढाच्या टोकाला तो चार्जर दिसत होता. चांगला वर होता, आणि खरंच खाली होता.