थंड तांबं ठोकल्याची गोष्ट

"काय हो, गाडी दुरुस्त केलीत की तिला गळायला शिकवलंत?"

डॉक्टर चिडले की असेच बोलत. नौपाड्यातल्या माझ्या गॅरेजसमोर त्यांची मोटरसायकल उभी होती आणि इंजिनाखाली तेलाचा डाग पसरत होता. महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेली ही इंग्लिश गाडी. तिच्यावरून ते घोडबंदरकडच्या खेड्यांत बाळंतपणं करायला जात.

"कासारवडवलीत एक पहिलटकरीण आहे. मूल आडवं आहे. कधीही बोलावणं येईल. वाटेत तेल संपून इंजिन जाम झालं तर मी काय करू? सरळ सांगा, होणार नसेल तर गाडी भंगारात घालतो आणि खेड्यांना नाही म्हणून कळवतो."

माझा चेहरा उतरला. तिकडे दुसरा डॉक्टर जात नव्हता.

भानगड छोटीच होती. इंजिनाच्या तळाशी जुनं ऑइल सोडायचा एक बोल्ट असतो, ड्रेन प्लग. त्याच्या डोक्याखाली तांब्याची चकती, म्हणजे वॉशर. प्लग आवळला की मऊ तांबं दबतं आणि फट बुजते. दर ऑइल चेंजला वॉशर नवा घालायचा, असा नियम. पण नवा मिळायचा कुठे? मुंबईचा दुकानदार म्हणाला, "सुटा नाही. अख्ख्या इंजिनाच्या वॉशरांचा सेट घ्या." त्या किमतीत गाडीला नवे टायर आले असते.

मी चामड्याची चकती कापून बसवली. गरम तेलाने ती घोडबंदर रोडवरच आकसली. मग जुनाच वॉशर ऐरणीवर ठेवून हातोडीने छान सपाट केला. शेवटी मी तांबटाचा मुलगा, हात आपोआप चालतो! तो बसवला, तर गळती दुप्पट. पाना आणखी दाबला, तेव्हा प्लगचे आटे करकरले. आटे गेले असते तर इंजिनच गेलं असतं. मी पाना खाली ठेवला.

रविवारी वॉशर खिशात घालून कल्याणला वडिलांकडे गेलो. भट्टी सोडून मी 'तेलकट धंदा' धरला, हा त्यांचा राग जुना. गॅरेजची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती.

डॉक्टरांची आणि त्या पहिलटकरणीची हकीकत सांगितली. बाबांनी वॉशर बोटांत धरला. "ह्या चकतीचं काय केलंस?"

"ठोकून सपाट केली."

"तापवून?"

"नाही. तशीच."

"अरे गाढवा! तांबटाच्या घरात जन्मलास आणि थंड तांबं ठोकलंस? कडक होतं ते! घागर ठोकताना आम्ही सारखी भट्टीत घालतो ती काय हौस म्हणून?" ते इतके हसले की ठसका लागला. मला संतापही आला आणि हसूही.

ठोकलेलं तांबं लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडलं की पुन्हा मऊ पडतं. हे मी लहानपणापासून रोज बघत आलो होतो. पण वॉशर म्हणजे मोटारीचा पार्ट, तो तांबंच आहे हे डोक्यातच आलं नाही.

जुना वॉशर फार झिजला होता. बाबांनी तांब्याच्या बंबाच्या उरलेल्या पत्र्यातून नव्या चकत्या कापल्या, लाल केल्या, पाण्यात टाकल्या. मी पैशांसाठी खिशात हात घातला तसे डाफरले, "बाळंतपणाला जाते ना गाडी? ठेव ते."

सोमवारी चकती बसवली. पाना हलकेच फिरवला. इंजिन तापेपर्यंत चालवलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं. कागद कोराच राहिला. डॉक्टरांनी प्लगखाली बोट फिरवून पाहिलं आणि ते गाडी घेऊन गेले.

धंद्यातला धडा एवढाच: गळती दिसली की पान्यावर जोर काढू नका, आधी वॉशर तापवा.

पुढच्या आठवड्यात बाबा पहिल्यांदा गॅरेजमध्ये आले. डॉक्टरांची गाडी दारातच होती. पाणी प्यायच्या आधी खाली वाकून त्यांनी प्लग पाहिला.

"कोरडा आहे," म्हणाले. मग टोपी काढून स्टुलावर बसले. "आणि ती बाई?"

"सुटली बाबा. मुलगी झाली. दोघी खुशाल."

"मग चहा सांग," बाबा म्हणाले.