मधलीचं म्हातारपण

मधलीला सगळे मधली म्हणायचे, पण ती कुणाच्या मधली हे कुणालाच सांगता आलं नसतं. तिच्या घरात नवरा होता आणि दोन तरण्याताठ्या भाच्या होत्या. बहिणींना पाहिलेलं आता कुणी उरलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर ती म्हणायची, "होत्या, एक पुढे, एक मागे," आणि गाडी दुसऱ्याच विषयावर न्यायची.

खरी गोष्ट अशी की त्या भाच्याच तिच्या बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. तिघी माणसं नव्हत्या. मग कोण होत्या, हे विचारू नये, कारण ते त्यांनाही धड माहीत नव्हतं. त्यांना म्हातारपण येत नव्हतं, एवढं नक्की. शिवाय प्रत्येकीला काहीतरी बारीकसारीक जमायचं. दार वाजायच्या आत थोरलीला कळायचं की कोण आलंय. ती एका दंतवैद्याकडे बाहेरच्या टेबलावर बसायची आणि तिथे हे फार सोयीचं होतं. धाकटीने गार झालेला चहा हातात धरला की तो पुन्हा वाफाळायचा. मधली पाण्यात बुडत नसे. याचा तिला जन्मात काही उपयोग झाला नाही.

लोक "तुम्ही अजून तश्शाच दिसता हो" म्हणायला लागले की गाशा गुंडाळायचा, काही वर्षं लांब कुठेतरी काढायची आणि आपल्याच मुली म्हणून परत यायचं, असा तिघींचा शिरस्ता होता. त्यामुळे थोरलीला चारचौघांत आपल्या पाठच्या बहिणीला मावशी म्हणावं लागे. जिन्यात "मावशी, पिशवी द्या इकडे" आणि दार लागलं की "अगं ए, दूध उतू गेलंय, लक्ष कुठाय तुझं?" मधलीचा नवरा नात्याने थोरलीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, ती त्याची आक्कडसासू, पण शेजारी ऐकत असले की तो मुद्दाम हाक मारायचा, "पोरी, चष्मा आण गं माझा." थोरली दातओठ खात "आणते, काका" म्हणायची. तो त्या दिवशी चार घास जास्त जेवायचा.

हा नवरा माणूस होता, शंभर टक्के. नाटकांसाठी दारं, जिने, खिडक्या करणारा सुतार. सगळे त्याला सुतारच म्हणत, आणि मधली घरात त्याला "अरे सुतारा" म्हणे, कारण वयाने ती त्याच्याहून किती मोठी होती याचा हिशोब लावण्यात अर्थ नव्हता. ती त्याच थिएटरच्या रंगपटात केसांचे टोप बांधायची आणि तोंडं रंगवायची. आरशाभोवती दिवे, मागे फळीवर लाकडी मुंडकी, आणि ही बारीक आकडीने जाळीत एकेक केस ओवत बसलेली. लग्नाआधी तिने त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने ऐकून घेतलं, कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली आणि विचारलं, "पण घोरत नाहीस ना?"

लग्नानंतर पहिल्यांदा गाशा गुंडाळायची वेळ आली तेव्हा मधली अडून बसली. "मी माझीच मुलगी होऊन परत आले, तर याची कोण लागू मी?" ती म्हणाली. थोरलीने दोघींपुरत्याच बॅगा भरल्या. त्या दोघी गेल्या आणि मधली जागच्या जागी म्हातारी व्हायला लागली.

तिच्या हाताला ते काम अवघड नव्हतं. नाटकांचा मोसम संपला की एका सकाळी ती सुताराला खिडकीशी उजेडात बसवायची आणि समोर स्टूल ओढून त्याच्या तोंडावरून बोट फिरवायची. वर्षभरात कुठे काय नवं आलं ते बघायची. मग आपली कातडी दोन बोटांनी ताणायची, त्यावर स्पंजने पातळ रबर टिपायचं, वाळू द्यायचं, पावडर मारायची आणि कातडी सोडून द्यायची. कातडी आक्रसून त्यावर सुरकुत्या पडत, त्याच्या होत्या तिथेच. बाकीच्या बायका सुट्टीच्या दिवशी केसांना काळं लावत, ही पांढरं लावायची. लोक म्हणत, इतकी वर्षं एकत्र राहून दोघं एकमेकांसारखी दिसायला लागली बघा. सुतार गंभीरपणे मान डोलवायचा.

सुरुवातीला घरात आल्यावर ती तोंड धुऊन टाकायची. बहिणी भाच्या होऊन परतल्या, सुताराच्या हातातला रंधा सुटला, तोवर हे असंच चाललं. मग एक दिवस चहा पिताना तो म्हणाला, "एक सांगू? घरातही राहू दे ते. तू धुतलंस की या घरात मी एकटाच म्हातारा."

तिने राहू दिलं. सकाळी न्हाणीघरात कडी लावून जुनं उतरवायचं, नवं चढवायचं आणि बाहेर यायचं. आपण फार शहाणपणाचं, फार मायेचं काहीतरी करतोय असं तिला वाटलं, आणि तिथेच ती चुकली. माणसाच्या डोक्यातून अलीकडचं आधी जातं, हे तिला कुठून ठाऊक असणार? तिच्या जातीत कुणाचं काही जातच नव्हतं.

सुताराचं जायला लागलं. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग वाटा. मधलीने ते सगळं रेटून नेलं. एका सकाळी तिने त्याच्यापुढे बशी ठेवली तेव्हा तो अदबीने म्हणाला, "आभारी आहे. तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

तुम्ही! ती ओट्याशी गेली आणि पुसलेला ओटा परत पुसत राहिली. तिला फार लागलं ते.

तेव्हापासून तो बायकोची वाट बघायला लागला. ताट पुढे आलं की विचारायचा, "ती आली का?" आणि नाही आली म्हटलं की ताट सरकवायचा, ती आल्यावर जेवू म्हणायचा. त्याचे कपडे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी वाद घालू नका. वाद कोण घालतंय! मधली घरातल्या बाकावर त्याच्या शेजारी बसायची, त्याला पेपर वाचून दाखवायची, त्याची नखं कापायची. तिच्या अंगावर त्याच्याच सुरकुत्या होत्या आणि तो तिला "बाई, तुमच्या घरी वाट बघत असतील" म्हणायचा.

इथवर सगळं घरातलं घरात होतं. मग एक दिवस गॅलरीतून तो समोरच्या निवृत्त शिक्षिकेला ओरडून म्हणाला, "ओ बाई! ही जी माझ्याकडे असते ना, ही माझी बायको नाही. हिचं तोंड चिकटवलेलं आहे!"

शिक्षिका हसली. दुसऱ्या दिवशी तो तेच म्हणाला, तेव्हाही हसली. तिसऱ्यांदा ती हसली नाही. जिन्यात मधली भेटली तर ती तिच्या कानाखाली, जिथे रबराची कड संपते तिथे, बघत राहिली आणि बघता बघता भाजीवाल्याच्या तक्रारी सांगत राहिली.

थोरलीने कपाटावरून बॅगा खाली काढल्या. "झालं इथलं," ती म्हणाली. "त्याला म्हाताऱ्या माणसांच्या त्या संस्थेत ठेवू. चांगली जागा आहे, बाग आहे, माणसं प्रेमळ आहेत. मी बघून आलेय."

"आणि मी?"

"तू आमच्याबरोबर. तुला सोडून जाऊ होय? तोंड धुऊन अधूनमधून भेटायला ये त्याला. भाची म्हणून."

"मी त्याची बायको आहे."

"ते त्याला सांग," थोरली म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिची तिलाच लाज वाटली. ती बॅगेची चेन उगाच मागेपुढे करत बसली.

धाकट्यांना शेवटी बोलायची सवय असते. "त्याला तरुण मधलीच हवीय ना?" धाकटी म्हणाली. "मग दाखव की. ती दिसली तर जेवेल आणि ओरडायचाही थांबेल."

थोरलीने पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी असं ठरलं की एकदा बघायचं. तो शांत झाला तर बॅगा परत वर. नाही झाला तर निघायचं, आणि मग मधलीने रडारड करायची नाही.

शिक्षिका बँकेत गेलेली पाहून थोरली जिन्यात जाऊन बसली, कोण येतंय जातंय ते हेरायला. मधलीने न्हाणीघराची कडी लावली. कपाळापासून हनुवटीपर्यंत रबर सोललं, केस धुतले, पाणी पांढरं होऊन गेलं. आरशात जी दिसली तिच्याकडे तिने फार वेळ पाहिलं नाही. रोज सकाळी घटकाभर दिसणारं तोंड होतं ते; पण आज ते बाहेर न्यायचं होतं. इतक्या नाटकांतली तोंडं रंगवली, स्वतः कधी पडद्यापुढे गेली नव्हती.

सुतार बाकावर बसला होता. त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा उजळला.

"कुठे होतीस गं?"

"तालीम लांबली रे."

"नेहमीचंच आहे तुझं. जेवलीस?"

"नाही. तुझ्यासाठी थांबले."

"मग वाढ की," तो म्हणाला, "बघतेस काय?"

तो जेवला. पोटभर जेवला, मागून घेऊन जेवला. तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, नव्या नाटकातल्या जिन्याला कठडा हवा की नको ते विचारलं, दिग्दर्शकाला दोन शिव्या घातल्या. मधली सगळ्याला हो म्हणत होती. तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. उद्यापासून रोज दुपारी अशीच येईन, तिने ठरवूनही टाकलं. धाकटी दाराआडून डोळे पुसत होती.

मग सुतार ताटावरून उठला. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

"तुला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "रागावू नकोस."

"सांग."

"इथे एक बाई असते. म्हातारी आहे. तू नसतेस ना, तेव्हा ती असते. मी तिच्यावर खेकसतो, लोकांना काहीबाही सांगतो, तरी येऊन बसते. माझी नखं कापते." त्याने आपल्या नखांकडे पाहिलं. "मी तुला कधी फसवलं नाही, खरंच नाही. लोकांना सांगत सुटलो ते ती जावी म्हणून. ती गेली की बरं, असं वाटायचं. ती जात नाही. आणि मला ती आवडायला लागलीय गं. फार आवडते. आता तुझ्यापासून लपवून जेवण जात नव्हतं मला."

मधलीला मत्सर वाटला. खोटं कशाला सांगायचं, खरोखरीचा, सवतीचा वाटतो तसला मत्सर वाटला. एवढी कोरी, तरणीताठी ती समोर बसली होती आणि नवऱ्याचं मन त्या थेरडीवर जडलं होतं. मग तिला त्या थेरडीचंही वाईट वाटलं. इतके दिवस "तुम्ही, तुम्ही" ऐकत नखं कापत बसली होती बिचारी, तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं.

"मी रागावले नाही," ती म्हणाली.

"मग काय करू?"

"तिला सांग."

"आणि तू?"

"माझी तालीम आहे. मला उशीर होईल." ती उठली. तिने त्याचं ताट उचललं. "तू वाट बघू नकोस. वेळच्या वेळी जेव."

तिने न्हाणीघराची कडी लावली. कपाळ ताणून रबर टिपलं, गाल ताणून टिपलं, हनुवटी. रडून चालणार नव्हतं, ओल्यावर रबर बसत नाही. म्हणून ती मध्ये मध्ये थांबत होती आणि कामाला रोजच्याहून फार वेळ लागला. केसांना पांढरं लावून, वाळवून, अंबाडा बांधून ती बाहेर आली. थोरली जिन्यातून परतली होती आणि धाकटीबरोबर बॅगा परत कपाटावर चढवत होती.

सुतार तिथेच बसला होता. मधलीला पाहून तो उठून उभा राहिला. शर्टाची बटणं चाचपली, वरचं लावलं.

"या," तो म्हणाला. "मला वाटलं, आज येत नाही तुम्ही. माझी बायको येऊन गेली."

"हो का? काय म्हणाल्या?"

"ती आता येणार नाही," सुतार म्हणाला आणि सरकून त्याने बाकावर जागा केली. "बसा ना."